आठ महिने कोणी आलं नाही, म्हणून कॅमेरा तुमचा झाला का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आठ महिन्यांपूर्वी सकाळी फिरायला गेला असताना तुम्हाला बागेतल्या बाकावर कॅमेऱ्याची बॅग दिसली. आत कॅमेरा, दोन लेन्स, चार्जर. अर्धा तास थांबलात, कोणी आलं नाही. बाकाला मोबाइल नंबरची चिठ्ठी चिकटवलीत आणि बॅग घरी नेलीत. दोन दिवसांनी पाऊस झाला, चिठ्ठी गेली. कोणाचा फोन आला नाही. गेले तीन महिने तुमची मुलगी कॉलेजच्या कामासाठी तो कॅमेरा वापरते आहे. आता एक लेन्स विकायचा विचार आहे. कार्डात कोणाच्या तरी घरातल्या समारंभाचे फोटो आहेत, त्यातलं कोणीच ओळखीचं नाही, म्हणून कार्ड फॉरमॅट करावं का, असंही विचारलंय. आणि शेवटी: ‘प्रयत्न केला, वाट पाहिली, आता तो माझाच झाला ना?’

नाही झाला. पण लगेच घाबरूनही जाऊ नका. चोवीस वर्षं वकिली करते आहे, सापडलेल्या वस्तूंपायी अडचणीत आलेली माणसं बऱ्यापैकी पाहिली. त्यात अट्टल लबाड फार थोडे. बाकीच्यांचं तुमच्यासारखंच हळूहळू होत गेलेलं असतं. आधी सांभाळायला म्हणून आणली, मग विसरली, मग कपाट आवरताना बाहेर आली, मग ‘पडूनच तर आहे’ म्हणत वापरली, आणि एक दिवस ‘आमचा कॅमेरा’ असं तोंडून गेलं.

तुमच्या प्रश्नात सगळा भर दिवसांवर आहे. किती दिवस थांबलं की वस्तू आपली होते? मला हा प्रश्न नेहमी याच रूपात विचारला जातो आणि विचारणाऱ्याला एखादा आकडा हवा असतो. भारतीय कायद्यात असा आकडा कुठे लिहिलेलाच नाही. कायदा दोन वेगळ्याच गोष्टी विचारतो. मालक शोधायला तुम्ही काय केलंत? आणि वस्तू वापरायला काढलीत त्या क्षणी मालक सापडणं शक्य नाही असं तुम्हाला खरोखर वाटत होतं का?

हे कुठून येतं ते सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराबद्दल आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच दंड संहितेचं कलम ४०३ होतं. त्यातल्या एका स्पष्टीकरणात सापडलेल्या वस्तूचा सगळा हिशेब मांडलाय. कोणाच्याच ताब्यात नसलेली वस्तू मालकासाठी जपून ठेवायला किंवा त्याला परत द्यायला उचलली, तर गुन्हा नाही. इथपर्यंत तुम्ही सुरक्षित होतात. मालक माहीत असताना, किंवा तो शोधण्याचं साधन हाताशी असताना ती स्वतःसाठी वापरली, तर गुन्हा. मालक शोधण्याचे, त्याला कळवण्याचे वाजवी प्रयत्न करण्याआधी, वाजवी काळ थांबण्याआधी वापरली, तरीही गुन्हा. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतं असंही तिथेच म्हटलंय. वकिलांची रोजीरोटी या ‘वाजवी’ शब्दावर चालते, हे कबूल.

कलमाखालची उदाहरणं मला कलमापेक्षा जास्त आवडतात. ती एकोणिसाव्या शतकात लिहिलेली आहेत आणि अजून जशीच्या तशी लागू पडतात. रस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, कोणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. रस्त्यात पत्र सापडलं, आत नोट होती, पत्रावरचा पत्ता आणि मजकूर वाचून नोट कोणाची हे कळलं, तरी ठेवून घेतली, तर गुन्हा. किमती अंगठी सापडली, मालकाचा काही शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा. रुपया मुका असतो. पत्र बोलतं. सापडलेली वस्तू हातात आली की मी पहिल्यांदा हेच बघते, की ही बोलते का.

तुमचा कॅमेरा तर बडबडतोय. कार्डात फोटो आहेत. समारंभाचा आहे म्हणजे पाठीमागे कमान, फलक, कार्यालयाचं नाव, गाडीचा नंबर, निमंत्रणपत्रिकेचा फोटो, असं काहीतरी असणारच. कॅमेऱ्याच्या बुडाला अनुक्रमांक असतो. सेटिंगमध्ये मालकाचं नाव टाकायची सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते आणि हौशी माणसं ते टाकतातही. ‘साधन हाताशी असणं’ म्हणजे नेमकं हेच. तेव्हा चिठ्ठी लावली होती, आठ महिने गेले होते, हा बचाव या कार्डासमोर फार तोकडा पडेल.

या कलमाची शिक्षा नव्या संहितेत कडक झाली आहे. आधी जास्तीत जास्त दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी मोकळीक होती. आता कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. पण ‘सापडलेली वस्तू तर आहे, त्यात काय’ असं हलक्यात घेणाऱ्यांना हा बदल सहसा माहीत नसतो. आणखी एक गोष्ट: थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच, असं याच कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात आहे. ‘मालक आला की देणारच होतो, तोवर वापरला’ हे म्हणून सुटका होत नाही.

दिवाणी बाजू फौजदारीइतकी धारदार नाही, पण तुमच्या रोजच्या वागण्याशी तिचा जास्त संबंध आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की तुमची जबाबदारी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकी होते, ज्याला आम्ही कोर्टात ‘बेली’ म्हणतो. शेजाऱ्याने गावाला जाताना त्याचा कॅमेरा तुमच्याकडे ठेवला असता, तर तो तुम्ही जितक्या काळजीने ठेवला असता, तितक्याच काळजीने हा ठेवायचा. त्याला न विचारता तो तुम्ही वापरला नसता, तर हाही वापरायचा नाही. वापरताना पडला, लेन्सला चरा गेला, तर भरपाई तुमच्याकडे लागते. चूक नव्हती, चुकून पडला, हे मग चालत नाही.

इथे लोक नेहमी म्हणतात, मग उचललाच नसता तर बरं होतं की! खरंय. उचलायचं बंधन तुमच्यावर नव्हतं. उचलल्यावर मात्र जबाबदारी सुरू झाली.

आता ‘आठ महिने झाले’ याचं काय करायचं? हरवलेली वस्तू परत मिळवायला दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात ती मोजायला कधी सुरुवात होते ते बघा. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला पहिल्यांदा कळतं त्या दिवसापासून. या कॅमेऱ्याच्या मालकाला ते अजून कळलेलंच नाही. म्हणजे तुमचं घड्याळ आठ महिन्यांवर नाही, शून्यावर आहे.

दुसऱ्या देशांत मात्र मुदत खरोखर असते, आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं लोक इथे चिकटवतात म्हणून गोंधळ होतो. जर्मनीत सापडलेली वस्तू सरकारी कार्यालयाला कळवली आणि सहा महिन्यांत मालक आला नाही, तर ती सापडणाऱ्याची होते. जपानमध्ये ही मुदत तीन महिन्यांची आहे, आणि मालक सापडला तर वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षिसीचा हक्क कायद्यानेच दिलाय. या दोन्हीकडे मुदत सुरू होते ती वस्तू कळवल्यापासून किंवा जमा केल्यापासून. घरच्या कपाटात ठेवल्यापासून कुठेच नाही. आणि जपानचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: मोबाइल, ओळखपत्रं, बँकेची कार्डं अशा माणसाची खासगी माहिती असलेल्या वस्तू मुदत संपली तरी सापडणाऱ्याला मिळत नाहीत.

इंग्लंडमधला १७२२ चा एक खटला आम्हाला कॉलेजात शिकवला होता. धुराडी साफ करणाऱ्या पोऱ्याला एक दागिना सापडला. किंमत कळावी म्हणून तो सोनाराकडे घेऊन गेला. सोनाराच्या कामगाराने वजन करायच्या बहाण्याने त्यातले खडे काढून घेतले आणि पोराला नुसती चिल्लर देऊ केली गेली. कोर्टाने निकाल पोराच्या बाजूने दिला: सापडणाऱ्याचा हक्क खऱ्या मालकापुढे चालत नाही, पण बाकी साऱ्या जगापुढे चालतो. ‘सापडलं ते माझं’ म्हणणारे या निकालाचा अर्धाच भाग लक्षात ठेवतात. मुलीच्या मैत्रिणीने उद्या हा कॅमेरा ढापला, तर तुम्ही तो हक्काने परत मागू शकता. कॅमेऱ्याचा मालक दारात उभा राहिला, तर नाही.

माझंच एक सांगते. वकिली सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. कोर्टाच्या व्हरांड्यात एक शाईचं पेन सापडलं. दोन-चार जणांना विचारलं, कोणी ‘माझं’ म्हणालं नाही. बॅगेत टाकलं. एकदा माझं पेन संपलं म्हणून ते काढलं, आणि मग तेच हातात बसलं. दोन महिन्यांनी एका ज्येष्ठ वकिलांसमोर मी वकीलपत्रावर सही करत होते. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, टोपण उजेडात धरलं आणि म्हणाले, “दात माझे आहेत.” टोपणाच्या टोकाला खरोखरच चावल्याचे बारीक खड्डे होते. विचार करताना टोपण चावायची त्यांची सवय सगळ्या बाररूमला माहीत होती. मी ते खड्डे दोन महिने बोटाखाली अनुभवत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की ही खूण आहे. की येऊ दिलं नाही? याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पेन परत दिलं. त्यांनी लिहून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, कारण निब तोवर माझ्या हाताच्या वळणाने झिजलं होतं. ते पेन मग त्यांच्याही कामाचं राहिलं नाही. वापरण्याने वस्तू बदलते हे कलम ७१ वाचून मला कळलं नव्हतं, ते असं कळलं.

दुसरी गोष्ट एका अशिलाची. विशीतला मुलगा. गाडीच्या सीटवर फोन सापडला. तो बंद करून घरी ठेवला, महिनाभराने स्वतःचं सिम घालून वापरायला लागला. फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मालकाने हरवल्याच्या तक्रारीत दिला होता, त्यामुळे माग लागला. पोलिसांसमोर तो सांगत होता की मालकाचा फोन आला असता तर मी परत देणारच होतो. अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं: “आतलं सिम कुठंय?” ते त्याने पहिल्याच दिवशी काढून गटारात टाकलं होतं. मालक फोन करणार तो त्याच सिमवर. पुढे तडजोड झाली, मुलगा वाचला, पण त्या प्रश्नावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मनात काय होतं हे कोर्ट कपाळ फोडून बघत नाही. हातांनी काय केलं त्यावरून ठरवतं.

म्हणून तुमच्या कार्डाबद्दल ठामपणे सांगते, फॉरमॅट करू नका. आत्ता तुमच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट आहे, की एवढ्या दिवसांत तुम्ही ते पुसलेलं नाही. पुसलंत तर ते फेकलेलं सिम होईल. आणि कायदा बाजूला ठेवा. कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो. त्या समारंभातली आजी आज हयात असेल की नाही, कोणास ठाऊक. मालकाला सगळ्यात जास्त चुटपुट लागली असेल तर ती त्या कार्डाची.

लेन्सही विकू नका. सापडलेली वस्तू विकायची मुभा करार कायद्याच्या कलम १६९ मध्ये आहे, पण फार अरुंद. मुळात वस्तू सामान्यपणे विकली जाणारी हवी, आणि एक तर रीतसर शोधूनही मालक सापडत नसला पाहिजे किंवा सापडूनही तो तुमचा वाजवी खर्च द्यायला नकार देत असला पाहिजे. त्याखेरीज वस्तू नासण्याच्या किंवा तिची बरीचशी किंमत जाण्याच्या बेतात हवी, नाहीतर तुमचा वाजवी खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेलेला हवा. लेन्स यातल्या कशातच बसत नाही. घेणाऱ्यालाही तिची मालकी मिळणार नाही, कारण जे तुमच्याकडे नाही ते तुम्ही त्याला देऊ शकत नाही. म्हणजे एका भल्या माणसालाही तुम्ही अडचणीत टाकाल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करते. बॅग कोणी मुद्दाम टाकून दिली असती, तर प्रश्न वेगळा होता. टाकलेल्या वस्तूला मालक उरत नाही. पण टाकली असं समजायला आधार लागतो. बुडत्या जहाजाचं ओझं कमी करायला समुद्रात फेकलेला माल रोमन कायद्यातसुद्धा ‘टाकलेला’ धरत नसत, कारण तो कोणी नकोसा झाला म्हणून फेकलेला नसतो. चार्जरसकट नीट बंद केलेली बॅग कोणी टाकून देत नाही. ती विसरलेली आहे. आणि विसरलेल्या वस्तूचं वैशिष्ट्य असं, की मालकाला ती कुठे ठेवली हे बहुधा आठवतं आणि तो तिथेच परत येतो. म्हणून दुकानात, गाडीत, दवाखान्यात काही सापडलं तर ते घरी न्यायचं नाही. तिथल्या जबाबदार माणसाकडे द्यायचं आणि पोच घ्यायची. तुम्ही बॅग घरी नेलीत तेव्हा, हेतू चांगला असला तरी, मालकाच्या शोधाचा धागा तुटला. तो त्याच दुपारी बागेच्या रखवालदाराकडे विचारून गेला असेल. तुम्ही रखवालदाराला सांगितलं होतंत का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही.

नीतीच्या बाजूने मला लांबण लावायची नाही, पण एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटं ‘सापडली’ म्हणून कार्यालयांच्या काउंटरवर दिली गेली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे असलेली पाकिटं जास्त परत येतील असं बहुतेकांना वाटलं नव्हतं, बहुतेक अर्थतज्ज्ञांनाही नाही. पण तसंच झालं. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवलं, पैसेवाल्यांबद्दल सुमारे ५१ टक्के लोकांनी. संशोधकांचं म्हणणं असं, की रक्कम मोठी असली की ठेवून घेणाऱ्याला आपण स्वतःच्या नजरेत चोर ठरू याची धास्ती वाटते. तुम्ही अनोळखी लोकांत येऊन हा प्रश्न विचारलात त्यामागे मला तेच दिसतं.

आता काय करायचं ते. आजपासून वापर बंद. बॅटरी कॅमेऱ्यातून काढून वेगळी ठेवा, बॅगेत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, लेन्सला बुरशी धरली तर तीही तुमच्याच माथी. एका कागदावर सगळं लिहून काढा: बॅग सापडली ती तारीख, वेळ, जागा, आत काय काय होतं, चिठ्ठी कधी लावली, आणि मुलीने किती दिवस वापरला हेसुद्धा. लपवाल ते नंतर बाहेर येतं. याची प्रत घेऊन बाग ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. आठ महिन्यांपूर्वीची हरवल्याची नोंद तिथे असू शकते, मग काम तासाभरात होईल. वस्तू जमा करायला सांगितली तर अनुक्रमांकासकट पावती घ्या. मात्र जमा केल्यावर ठरावीक मुदतीने ती आपोआप तुमच्या हातात परत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे तसा हक्क नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अनुक्रमांक कळवा. मालकाचा पत्ता ते तुम्हाला देणार नाहीत, देऊही नये, पण नोंद असेल तर तुमचा निरोप त्याला पोचवू शकतात.

फोटो बघताना ओळख पटण्यापुरतेच बघा. ते सोशल मीडियावर टाकू नका, हे कितीही सोपं वाटलं तरी. त्यात लहान मुलं असतील, आणि दुसरं म्हणजे फोटो टाकले की खोटा दावेदारही सगळं वर्णन पाठ करून येतो. ‘अमुक महिन्यात अमुक बागेत कॅमेरा सापडला आहे’ एवढंच लिहा. कंपनी, बॅगेचा रंग, लेन्स किती, हे त्याला सांगू दे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हरवलेल्या वस्तूवर हक्क सांगणाऱ्याला रूप, संख्या वगैरे विचारावं, हरवल्याची जागा आणि वेळ सांगता आली नाही तर वस्तूच्या किमतीएवढा दंड करावा, असं आहे. दंड तुम्ही करू शकत नाही, प्रश्न मात्र तेच विचारा. कार्डातल्या एखाद्या फोटोत काय आहे हे विचारलंत, की खरा मालक दहा सेकंदांत कळतो.

मालक भेटला तर बक्षीस मागू नका, तसा हक्क तुम्हाला नाही. वस्तू सांभाळायला आणि त्याला शोधायला झालेला खर्च मात्र मागू शकता, आणि तो मिळेपर्यंत करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे वस्तू अडवून ठेवता येते. त्याने आधीच बक्षीस जाहीर केलं असेल तर तेवढ्यासाठी दावाही करता येतो. पण तीन महिने कॅमेरा वापरल्यावर खर्चाचं बिल पुढे करणं मला तरी जमलं नसतं.

एवढं सगळं करूनही सहा-आठ महिने कोणी आलं नाही, तर तेव्हा पुन्हा विचारा. त्या वेळी तुमच्याकडे पोच, अर्जाची प्रत, सर्व्हिस सेंटरचं उत्तर असेल, आणि मालक सापडत नाही हे तुम्ही मनापासून म्हणू शकाल. तेव्हा माझं उत्तर आजच्यापेक्षा बरंच मवाळ असेल. आज आधी कार्डातला शेवटचा फोटो उघडा आणि त्याची तारीख बघा. बागेत बॅग सापडली त्याच्या आदल्या दिवसाची असेल, तर त्या दिवशी आसपास कुठे कार्यक्रम झाला होता हे शोधणं फारसं अवघड नाही.